बातमीच्या मथळ्यात ‘उंदीर’ हा शब्द लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, आधीच सांगते, पण तोडून लिहिलं तर अर्धंच पोचेल म्हणून सगळं एकदम लिहितेय. तुमच्या आरोग्याच्या पानावर, आणि तुमच्याच कशाला सगळ्यांच्याच, सारखी एक बातमी असते की अमुक आजारावर लस सापडली, तमुक आजार आता रक्ताच्या थेंबावरून आधीच कळणार. अशी बातमी दिसली की मी थेट खाली जाते, शेवटचा पॅरा वाचते, कारण असलंच तर तिथे लिहिलेलं असतं की हा प्रयोग उंदरांवर झालाय. कधीकधी तिथेही नसतं. माझं मागणं एवढंच आहे की काम उंदरांवरचं असेल तर तो शब्द वर आणा, मथळ्यात.

मी 19 वर्षं एका संशोधन संस्थेच्या ॲनिमल हाऊसमध्ये टेक्निशियन होते. पिंजरे बदलायचे, भुसा बदलायचा, वजनं घ्यायची, लस टोचायची, ठरलेल्या दिवशी शेपटीतून रक्त काढून नळीवर नंबर घालून वर लॅबमध्ये पाठवायचं. काळे उंदीर म्हणजे ब्लॅक सिक्स, पांढरे म्हणजे बाल्ब-सी, दोघांचे स्वभाव वेगळे, हातात धरल्यावरच कळतं. हे सांगायचं कारण एवढंच की मी उंदरांवरच्या संशोधनाच्या विरोधात लिहीत नाहीये. त्या कामावर माझं घर चाललं आणि ते काम गरजेचं आहे असं मला आजही वाटतं.

आता घरातली गोष्ट. माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश होता, अल्झायमरच. सुरुवातीला चष्मा कुठे ठेवला ते आठवायचं नाही, मग गॅस चालू राहायला लागला, मग एक दिवस मला म्हणाल्या, तुम्ही कोण, कधी आलात. सासरे रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. एके दिवशी त्यांनी एक कात्रण कापलं, अल्झायमरवर लस यशस्वी, असा ठळक मथळा. घडी घालून खिशात ठेवलं आणि सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे गेले, मी सोबत होते. डॉक्टरांनी कात्रण वाचलं, परत वाचलं, आणि खूप हळू आवाजात म्हणाले, आजोबा, हे उंदरांवरचं आहे हो. सासऱ्यांनी कात्रण परत घेतलं, पुन्हा घडी घातली, आणि रिक्षात बसेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर मला विचारलं, अगं तू तर उंदरांचंच काम करतेस, मग हे खरं का खोटं? मला धड उत्तर देता आलं नाही. आज द्यायचा प्रयत्न करतेय.

मुळात उंदराला अल्झायमर होतच नाही. त्याचं आयुष्य दोन, फार तर तीन वर्षं. म्हणून माणसातला बिघडलेला जीन उंदरात घालून 1995 च्या सुमारास असे उंदीर बनवले की ज्यांच्या मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे गोळे साठतात, अल्झायमरच्या पेशंटच्या मेंदूत साठतात तसे. 1999 मध्ये अशा उंदरांना त्याच प्रथिनाची लस दिली. लहान वयात दिली तर गोळे जवळजवळ झालेच नाहीत, वय झाल्यावर दिली तर होते त्यापेक्षा कमी झाले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या लॅबमधून आलं की लस दिलेले उंदीर पाण्यातला रस्ताही नीट लक्षात ठेवतात. आणखी काय पाहिजे? मग माणसांवर चाचणी सुरू झाली. जवळपास 300 जणांना लस दिली, त्यातल्या 18 जणांच्या मेंदूला सूज आली, आणि जानेवारी 2002 मध्ये लस देणं थांबवावं लागलं. उंदरांमध्ये ही सूज दिसलीच नव्हती. पण त्याहून मनाला लागणारी गोष्ट पुढची आहे. त्या चाचणीतल्या काही पेशंटचा नंतर काही वर्षांनी मृत्यू झाला, त्यांचे मेंदू तपासले, तर काहींच्या मेंदूतले गोळे खरोखरच जवळपास गेलेले होते, आणि तरीही ते लोक शेवटपर्यंत स्मृती गमावतच गेले होते. म्हणजे उंदराने खोटं सांगितलं नव्हतं. लसीने गोळे जातात हे त्याने सांगितलं आणि ते बरोबर निघालं. गोळे गेले की माणूस परत येतो का, हे त्याला विचारून कळण्यासारखं नव्हतं. त्या रात्री सासऱ्यांना हेच सांगायला हवं होतं मी, की बाबा, खरं आहे, पण तुम्ही जे विचारताय त्याचं ते उत्तर नाहीये.

आणि चूक एकट्या बातमीदाराची असते असंही नाही. 2021 मध्ये अल्झायमरवरच्या उंदरांच्या 623 शोधनिबंधांची तपासणी छापून आली होती. शास्त्रज्ञांनी स्वतःच्या निबंधाच्या शीर्षकात उंदीर शब्द गाळला तर पेपरवालेही तो गाळतात, आणि असा गाळलेला निबंध जास्त गाजतो, असं त्यात निघालं. म्हणजे गळती नळातूनच आहे, तुमच्याकडे फक्त बादली आहे. पण वाचकाला पाणी तुमच्याच बादलीतून मिळतं ना.

आता दुसरी बाजू, आणि मला तीही तितकीच महत्त्वाची वाटते, कारण व्हॉट्सॲपवर उलटं सुरू असतं. 2022 मध्ये ओमिक्रॉनसाठी सुधारलेले कोविडचे बूस्टर अमेरिकेत आले तेव्हा मेसेज फिरला की ही लस फक्त 8 उंदरांवर तपासलीय. आमच्या नात्यातल्या चांगल्या शिकलेल्या माणसांनी तो मला पाठवला, खाली लिहिलेलं, बघा तुमचं सायन्स. त्या मेसेजमध्ये काय गाळलं होतं ते सांगते. मूळ लस कोट्यवधी माणसांनी घेतलेली होती. आधीच्या ओमिक्रॉन प्रकारावर बेतलेल्या, तशाच दुहेरी (म्हणजे मूळ विषाणू आणि ओमिक्रॉन, दोन्हींसाठीच्या) लसीची माणसांवरची चाचणी झालेली होती. नव्या बीए.4 आणि बीए.5 प्रकारासाठी लसीत फक्त विषाणूच्या प्रथिनाचा मजकूर बदलला होता, आणि त्या बदलाने अँटिबॉडी हव्या त्या प्रकारावर तयार होतात का एवढाच प्रश्न उंदरांना विचारला होता. फ्लूच्या लसीतले विषाणू दरवर्षी बदलतात, तेव्हा दरवेळी हजारो माणसांवर नव्याने चाचणी होत नाही, तसंच हे. आता यावर माणसांचा डेटा येईपर्यंत थांबायला हवं होतं असं म्हणणारे जाणकार डॉक्टरही होते आणि त्यांचं म्हणणं मला बिनबुडाचं वाटत नाही. पण ‘फक्त 8 उंदीर’ हे अर्धसत्य आहे, आणि ‘लस यशस्वी’ हेही अर्धसत्य आहे, दोन्हीकडे गाळलेलं वाक्य एकच, की उंदराला नेमकं काय विचारलं होतं.

आठच म्हणाल तर पेनिसिलिनची सुरुवातही 8 उंदरांवरच झाली. 25 मे 1940, ऑक्सफर्ड. हॉवर्ड फ्लोरी हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 8 उंदरांना जीवघेणे जंतू टोचले, चौघांना पेनिसिलिन दिलं, चौघांना नाही. रात्रभर एक जण जागून बघत बसला. सकाळपर्यंत न दिलेले चारही मेले आणि दिलेले चारही जिवंत. तिथे 8 पुरले कारण प्रश्न साधा होता, जगतो का मरतो, आणि फरक डोळ्याला दिसणारा होता. जिथे फरक बारीक असतो, म्हणजे आयुष्य आठवडाभर वाढलं का, चाल किंचित सुधारली का, तिथे 8 काय 20 उंदीरही पुरत नाहीत. एएलएस म्हणजे स्नायू हळूहळू निकामी होतात तो आजार. त्याच्या उंदरांवर गुणकारी म्हणून छापलेली औषधं आणि इतर काही धरून 70 हून जास्त औषधं अमेरिकेतल्या एका संस्थेने परत नीट तपासली, 18 हजारांवर उंदीर लागले, आणि 2008 मध्ये त्यांनी सांगितलं की एकाही औषधाचा खात्रीचा फायदा दिसत नाही. आधीचे पुष्कळसे निकाल म्हणजे कमी उंदीर घेतल्यामुळे योगायोगाने दिसलेले चढउतार होते. हे वाचलं तेव्हा मला पेशंटइतकंच त्या जनावरांचं वाईट वाटलं. कमी संख्येत, घाईत, धड आखणी न करता केलेल्या प्रयोगात उंदीर जातो तो फुकट जातो. अहो, आम्ही त्यांना हातावर वाढवलेलं असतं.

लसींच्या बाबतीत उंदराचे उपकार खरे आहेत, ते मोजले जात नाहीत. मॅक्स थायलर यांनी 1930 मध्ये दाखवलं की पीतज्वराचा, म्हणजे यलो फीव्हरचा, विषाणू उंदराच्या मेंदूत टोचला तर उंदराला आजार होतो. तोपर्यंत सगळे माकडांवर अवलंबून होते, माकडं महाग आणि थोडी. उंदीर मिळाल्यावर कामाचा वेग बदलला, कोणाच्या रक्तात संरक्षण आहे हेही उंदरांवर तपासता यायला लागलं, आणि 1937 पर्यंत 17डी ही लस तयार झाली, जी आजही दिली जाते. थायलर यांना 1951 चं नोबेल मिळालं. डांग्या खोकल्याचंही तसंच. पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघींनी अमेरिकेत त्या लसीवर काम केलं, आणि केंड्रिक यांनी लसीची ताकद मोजायची उंदरांची टेस्ट बसवली. पुढे ब्रिटनमध्ये मुलांवर मोठ्या चाचण्या झाल्या तेव्हा दिसलं की जी लस उंदरांच्या त्या टेस्टमध्ये पास होते तीच मुलांना वाचवते. याला म्हणतात उंदराची साक्ष जुळणं. ती जुळते की नाही हे प्रत्येक आजाराला वेगळं तपासावं लागतं, एकदा जुळली म्हणून सगळीकडे जुळेल असं नाही.

आजाराच्या मार्करचं, म्हणजे रक्तात वगैरे मोजता येणाऱ्या आजाराच्या खुणेचं, तर आणखीनच वेगळं आहे आणि याबद्दल फार कमी लिहिलं जातं म्हणून जरा सविस्तर. कोविडच्या काळात घरोघरी सीआरपी (संसर्ग किंवा दाह झाला की रक्तात वाढणारं एक प्रथिन) हा शब्द गेला, रिपोर्ट आला की आधी सीआरपी किती ते विचारायचे. हा मार्कर 1930 मध्ये न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडला. माणसाला जंतुसंसर्ग झाला की तो शेकडो पटींनी वाढू शकतो. उंदरात? जेमतेम हलतो. उंदरात त्याऐवजी त्याचंच भावंड असलेलं दुसरं प्रथिन वाढतं. म्हणजे संसर्गाचा मार्कर शोधायला कोणी फक्त उंदीर घेऊन बसला असता तर आज आपण ज्या टेस्टवर इतकं विसंबतो ती हाताला लागलीच नसती. तसंच पांढऱ्या पेशींचं, माणसाच्या रक्तात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल, उंदरात बहुतेक सगळ्या लिम्फोसाइट. नवीन मुली लॅबमध्ये आल्या की उंदराची स्लाइड बघून दचकायच्या, मॅडम हा ल्युकेमिया आहे का, मी म्हणायची नाही गं, असाच असतो तो.

2013 मध्ये तर मोठाच वाद झाला. भाजणं, मोठी जखम, रक्तात जंतूंचं विष या सगळ्यात माणसाचे कोणते जीन वर जातात, कोणते खाली, हे उंदराशी ताडून बघितलं आणि निबंध आला की काहीच जुळत नाही. पुढच्या वर्षी जपानच्या दोन शास्त्रज्ञांनी तोच, अगदी तोच डेटा वेगळ्या पद्धतीने मांडला आणि म्हणाले, छान जुळतंय की. आकडे तेच, निष्कर्ष उलटे. माझ्यासारखीने यातून काय घ्यायचं? मी एवढं घेतलं की ‘उंदरात मार्कर सापडला’ ही बातमी म्हणजे शोधायची जागा सापडली एवढंच, टेस्ट सापडली नाही.

आणि एक घोळ इथे नेहमी होतो. मार्कर मोजायच्या टेस्टमध्ये उंदीर वेगळ्या रीतीने असतो. 1975 मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी केंब्रिजमध्ये उंदराच्या प्लीहेतली अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि न थांबता वाढणारी कॅन्सरची पेशी जोडून एकच अँटिबॉडी हवी तितकी बनवायची युक्ती काढली, 1984 चं नोबेल त्यांना मिळालं. घरी करायची प्रेग्नन्सीची पट्टी, हार्ट अटॅकची ट्रोपोनिन टेस्ट, अंडाशयाच्या कॅन्सरसाठीची सीए-125, सगळीकडे या उंदरांकडून आलेल्या अँटिबॉडी वापरल्या गेल्या. इथे उंदीर माणसाच्या जागी उभा नाहीये, तो कारखाना आहे. म्हणून इथे ‘उंदीर आणि माणूस सारखे का’ हा प्रश्नच येत नाही. मध्ये एक लेख वाचला, त्यात दोन्ही गोष्टी एकत्र कालवल्या होत्या आणि शेवटी उंदरांवरचं संशोधन माणसाला लागू पडत नाही म्हणून रक्ताच्या टेस्टवरही विश्वास नको असं काहीतरी लिहिलं होतं. असं नका हो छापू.

मग उंदीर चुकतो कुठे? माझ्या मते पुष्कळदा उंदीर नाही, आम्ही त्याला ठेवतो ती पद्धत चुकते. आमच्याकडे सगळं निर्जंतुक, हवा गाळलेली, भुसा भाजलेला, खाणं भाजलेलं. त्या उंदराने जन्मात साधी सर्दी बघितलेली नसते. 2016 मध्ये अमेरिकेत मिनेसोटामध्ये एक प्रयोग झाला, असे चकचकीत उंदीर पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या उंदरांबरोबर एका पिंजऱ्यात ठेवले. काही मेले, पण जे राहिले त्यांची प्रतिकारशक्ती मोठ्या माणसासारखी दिसायला लागली. आणि लॅबमधल्या स्वच्छ उंदरांची? नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखी. म्हणजे मोठ्यांसाठीची लस आपण एका अर्थी तान्ह्या बाळावर तपासत होतो. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने उंदरांना आधी तीन-चार नेहमीचे संसर्ग दिले आणि मग तीच पीतज्वराची लस टोचली, तर अँटिबॉडी स्वच्छ उंदरांपेक्षा कमी आल्या.

2006 मध्ये लंडनला एका नव्या अँटिबॉडीच्या चाचणीत 6 तरुण काही तासांत अत्यवस्थ झाले होते, सगळ्यांना आयसीयूत न्यावं लागलं, जगभर बातमी गेली होती. लॅबच्या उंदरांत तशाच अँटिबॉडीने उलट दाह कमी होईल असं वाटत होतं. 2019 मध्ये काही शास्त्रज्ञांनी लॅबच्या उंदराचे गर्भ रानटी उंदरीच्या पोटात वाढवले, म्हणजे जीन लॅबचे पण अंगावरचे आणि पोटातले जंतू रानातले, आणि अशा पिल्लांना मोठं झाल्यावर तशीच अँटिबॉडी दिली, तर त्यांच्यात माणसांसारखीच दाहाची चिन्हं दिसली. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसून होते. 19 वर्षं मी भुसा भाजत होते, आणि त्या स्वच्छतेत किती काय झाकलं जात असेल.

अजून लहान लहान गोष्टी आहेत. उंदराला 30 डिग्रीच्या आसपास बरं वाटतं, आम्ही खोली 22 वर ठेवायचो, माणसाला सोयीची म्हणून. त्या गारठ्यात उंदरातल्या कॅन्सरच्या गाठीची वाढसुद्धा बदलते असं निघालंय. 2014 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की पुरुषाच्या वासाने, अगदी त्याच्या टीशर्टच्या वासानेही, उंदरावर ताण येतो आणि त्याला दुखणं कमी जाणवतं, बाईच्या वासाने तसं होत नाही. आमच्याकडे रविवारी एक मुलगा ड्युटीला यायचा, सोमवारची वजनं आणि वागणं जरा वेगळं लागायचं, तेव्हा आम्ही खाण्याला दोष द्यायचो. आता वाटतं, कोण जाणे.

क्षयाचं उदाहरण देते आणि थांबते, कारण ते दोन्ही बाजूंनी शिकवतं. सहा महिन्यांचा कोर्स चार महिन्यांवर आणता येईल असं मॉक्सिफ्लॉक्सासिन या औषधाबद्दल उंदरांनी सांगितलं, 1,900 हून जास्त पेशंटवर चाचणी झाली, 2014 मध्ये निकाल आला की नाही जमत, आजार परत उलटतो. नेहमीच्या लॅबच्या उंदराच्या फुप्फुसात माणसासारखी मधून मरत जाणारी क्षयाची गाठ होतच नाही, हे त्यामागचं एक कारण सांगतात. पण 2021 मध्ये त्याच औषधाबरोबर रिफापेंटिन हे दुसरं औषध घेऊन चार महिन्यांचा कोर्स माणसांत यशस्वी झाला, आणि त्या जोडीची आशाही आधी उंदरांनीच दाखवली होती.

तर संपादक महाशय, मथळ्यात ‘उंदरांवर’ हा एक शब्द घाला. जागा नसेल तर ‘यशस्वी’ काढा, तेवढी जागा होईल. बातमीच्या पहिल्या दोन वाक्यांत सांगा की किती उंदीर होते, त्यांना काय विचारलं आणि माणसांवर काम सुरू झालंय का. मराठीत आपण माऊस आणि रॅट दोघांनाही उंदीरच म्हणतो, ते चालेल, पण माणूस आणि उंदीर यांत गल्लत नको.

सासूबाई जाऊन आता काही वर्षं झाली, सासरेही गेले. त्यांच्या डायरीत ते कात्रण अजून आहे. मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी पेनाने डॉक्टरांची पुढची तारीख लिहून ठेवलीय.

आपली,
एक नियमित वाचक